मुंग्या, पट्टे आणि चौकोन: जुन्या स्पेक्ट्रमचं चित्र बिघडलं तर

आमच्या मालवणच्या घरी गणपतीआधी माळा झाडायचा असतो. तीन वर्षांपूर्वी तो झाडताना पितळी हंड्यांच्या मागून थर्माकोलचा एक खोका निघाला. आत मामाने मस्कतहून आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे टीव्हीला जोडून वापरायचा सिंक्लेअर कंपनीचा जुना घरगुती कॉम्प्युटर. करड्या रबरी कळा, कोपऱ्यात चार रंगांचा तिरका पट्टा, आणि अडॅप्टरच्या वायरीशेजारी पालीची दोन वाळलेली अंडी. पुसून टीव्हीला लावला तर राखाडी पडद्यावर काळे-पांढरे उभे पट्टे. अक्षर एकही नाही.

शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने बोर्ड हातातही न घेता सांगितलं, ‘मदरबोर्ड गेला, टाकून द्या.’ मी टाकला नाही, पण त्यापेक्षा फार शहाणपण केलं असंही नाही. ऑनलाइन कुठेतरी वाचून आठच्या आठ रॅम (मेमरी) चिपा बदलल्या, त्यात बोर्डावरचे दोन ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या वाटा, उखडले, आणि पट्टे जिथल्या तिथे. शेवटी आमच्या बाजारातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी बोर्ड बघितला आणि म्हणाले, “पयलो करंट बघ रे, चिपी मगे.” करंट बघितला. बारा व्होल्ट जिथे हवे तिथे शून्य. चहाच्या किमतीचा एक ट्रान्झिस्टर गेला होता.

खाली जो क्रम दिला आहे तो काकांचाच. मी फक्त त्यात माझे चटके घातले आहेत. हे सगळं ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या, स्पेक्ट्रमला (१९८२) लागू पडतं. १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसलाही पडतं, कारण त्याची पेटी नवी असली तरी आतला मामला तोच. आपल्याकडे डेसिबल्स कंपनीने परवाना घेऊन विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लसही त्याच घराण्यातला.

शाळांमधून आलेला बीबीसी मायक्रो हा त्याच काळातला दुसरा कॉम्प्युटर तुमच्याकडे असेल तर एक वेगळी सूचना. त्याच्या पेटीतच २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय असतो. त्यातला जुना कागदी फिल्टर कॅपॅसिटर इतक्या वर्षांनी ओल धरून फुटतो आणि घरभर घाण धूर करतो. तो बदलल्याशिवाय प्लग लावू नका.

१. आधी जमवाजमव

- डिजिटल मल्टिमीटर. साधाही चालेल, पण त्याची बॅटरी नवी असावी. बॅटरी उतरलेला मीटर खोटं सांगतो.
- बारीक टोकाची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, सोल्डर विक
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ टूथब्रश, पांढरं खोडरबर
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर
- सिंक्लेअरचं सर्व्हिस मॅन्युअल आणि सर्किटचा नकाशा. बोर्डावर ‘इश्यू’ (आवृत्ती) नंबर छापलेला असतो, त्याच इश्यूचा नकाशा घ्या. इश्यू दोनचा नकाशा समोर ठेवून इश्यू तीनवर भाग शोधत मी एक अख्खा रविवार घालवला आहे.
- मोबाइल. प्रत्येक पायरीआधी फोटो काढायला.

जुन्या डब्बा टीव्हीवर काम करत असाल तर टीव्हीचं मागचं झाकण उघडायचं नाही. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. आपलं काम फक्त कॉम्प्युटरवर.

२. चित्र वाचायला शिका

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. या मशीनचा पडदा म्हणजे त्याच्या मेमरीचाच एक तुकडा आहे. पत्ता १६३८४ पासून ६९१२ बाइट. त्यातले पहिले ६१४४ ठिपक्यांचे आणि उरलेले ७६८ रंगांचे. त्यामुळे मेमरीत जे बिघडतं ते थेट डोळ्यांना दिसतं. आजच्या लॅपटॉपची एवढी सोय नाही.

निरोगी मशीन चालू केलं की क्षणभर पडदा काळा होतो आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा झळकतात. मग सगळं पांढरं होऊन खाली सिंक्लेअर रिसर्चचा १९८२ सालचा कॉपीराइट येतो. त्या लाल रेघा कुठून येतात? मशीन जागं झाल्यावर सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरतं आणि मग तपासत जातं. रंगांच्या जागेत २ म्हणजे काळ्यावर लाल, आणि ठिपक्यांच्या जागेत २ म्हणजे आठ ठिपक्यांत एक रेघ. म्हणजे तुमच्याकडे लाल रेघा येऊन तिथेच अडकत असेल तर सीपीयू (मुख्य चिप) आणि रॉम (कायमचा प्रोग्राम असलेली चिप) निदान कामाला लागले आहेत.

आता बिघाड:

नुसत्या मुंग्या, किंवा निळा कोरा पडदा. सिग्नल टीव्हीपर्यंत पोचतच नाही. पायरी ३.

रंगीबेरंगी चौकोनांची गोधडी. टीव्ही, केबल आणि चित्र बनवणारा भाग ठीक आहे. मेमरीत चालू होताना जो कचरा असतो तोच दिसतो आहे, कारण तो साफ करणारं कोणी चालत नाही. पायरी ६ आणि ७.

तेच, पण रंगांशिवाय, काळे-पांढरे पट्टे. हे माझं. बारा व्होल्टची वाट रॅमलाही लागते आणि रंग बनवणाऱ्या एलएम१८८९ या चिपलाही. मेमरी आणि रंग दोन्ही एकदम गेले म्हणजे दोघांना जे सामाईक ते आधी बघायला हवं होतं. मी नाही बघितलं.

दर आठ ठिपक्यांवर एक उभी रेघ, बाकी ठीक. खालच्या रॅमच्या आठ चिपांपैकी प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते. एक चिप गेली की आठातला एक ठिपका हट्टाला पेटतो. रेघ चौकटीत अगदी डावीकडे असेल तर सातवा बिट, अगदी उजवीकडे असेल तर शून्यावा. सातवा बिट १ वर अडकला तर अख्खा पडदा लुकलुकत राहतो, कारण रंगांच्या बाइटमध्ये तोच बिट फ्लॅशचा असतो.

चित्र थरथरतं, आडवे पट्टे सरकतात. वीज गढूळ आहे. पायरी ४.

पाच-दहा मिनिटं छान, मग बिघडतं. उष्णता, किंवा तापल्यावर सुटणारा एखादा कच्चा जोड.

मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन दिवसांनी ‘पट्टे उभे होते की आडवे’ हे आठवत नाही.

३. टीव्ही आणि केबल

स्पेक्ट्रम आपलं चित्र टीव्ही स्टेशनसारखं यूएचएफ चॅनेल ३६ वर, सुमारे ५९१ मेगाहर्ट्झला पाठवतो. एलईडी टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर असेल तर मॅन्युअल सर्चने तिथे जा, आणि सर्च करताना कॉम्प्युटर चालू ठेवा. रंग पद्धत ‘पाल’ (PAL).

इथे एक खड्डा आहे. नवे टीव्ही सिग्नल किंचित कच्चा असला की चित्र झाकून निळा पडदा दाखवतात. मेनूत ‘ब्लू स्क्रीन’ किंवा ‘ब्लू बॅक’ असं काही असेल तर बंद करा. माझ्या मावसभावाचा स्पेक्ट्रम या एका खटक्यावर ‘दुरुस्त’ झाला. चॅनेल ३६ पकडत असलेला टीव्ही मिळालाच नाही तर पायरी ९ आधी वाचा.

केबल बदलून बघा. किनाऱ्यावर दोन पावसाळे काढलेली केबल बाहेरून नवी दिसते आणि आतली तांब्याची जाळी हिरवी पडलेली असते.

४. अडॅप्टर, आणि भिंतीतली वीज

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, १.४ अँपिअर, आणि पिनचा आतला भाग ऋण. आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट, म्हणजे आत धन असलेले. पिन बसते, म्हणून लावला, आणि आतले भाग जळले अशी मशीनं मी पाहिली आहेत. मीटरची लाल सुई पिनच्या आत, काळी बाहेर. आकड्याआधी वजाचं चिन्ह दिसलं तरच पुढे जा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर नुसता मोजला तर बारा-चौदा व्होल्ट दाखवेल. घाबरू नका, भार आला की तो खाली येतो.

आता आपल्या गावची गोष्ट. माझं मशीन सुरू झाल्यावर दुपारी चित्र आरशासारखं, आणि संध्याकाळी सात वाजले की थरथर. कॅपॅसिटर बदलले. रेग्युलेटर बदलला. मग एका संध्याकाळी सहज सॉकेटमध्ये मीटर घातला तर १७५ व्होल्ट. वाडीतले सगळे पंप, मिक्सर आणि दिवे एकदम चालू झाले की आमच्या टोकाच्या घराला तेवढेच उरतात. आतल्या ७८०५ रेग्युलेटरला पाच व्होल्ट स्थिर द्यायला समोरून निदान सात तरी हवेत. मूळ अडॅप्टर भिंतीतल्या दाबाबरोबर वरखाली होतो, मग लहरींचे तळ सातच्या खाली बुडतात आणि चित्राला हुडहुडी भरते. मी चांगल्या प्रतीचा ९ व्होल्ट २ अँपिअरचा स्विचिंग अडॅप्टर घेतला, पिनच्या वायरी उलट्या केल्या, मीटरने तीनदा तपासल्या, आणि थरथर गेली. स्वस्त चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवरही मूळ अडॅप्टर गुणगुणतो आणि चित्रात पट्टे येतात. लाइट गेल्यावर चाचण्या करू नका.

५. उघडणं आणि कोकणी साफसफाई

तळाचे स्क्रू काढा. वरचं झाकण झटक्यात उचलू नका! कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, आणि चाळीस वर्षांत त्या वाळलेल्या फणसपापडासारख्या झाल्या आहेत. सरळ वर ओढून काढा, वाकवू नका. चित्र तपासायला कीबोर्ड लागत नाही.

खारी हवा इथे जे करते ते मुंबई-पुण्याच्या लेखांत सापडत नाही. पॉवर जॅकच्या आतली पत्ती काळी पडते. मागच्या एज कनेक्टरवर पांढरट साय धरते. सॉकेटमधल्या चिपांचे पाय मळतात आणि आयसी (चिप) जागेवर असूनही जोड नसतो. म्हणून: एज कनेक्टर खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग अल्कोहोल. सॉकेटमध्ये असलेली प्रत्येक चिप (चित्र बनवणारी यूएलए ही चिप बहुतेक सॉकेटमध्येच असते) चपट्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचला, पाय पुसा, खाच त्याच बाजूला ठेवून परत बसवा. मुंग्यांची माती आणि पालीची घाण ब्रशने काढा. पालीची घाण ओली झाली की ट्रॅक खाते, ती जागा भिंगाखाली बघा.

अल्कोहोल पूर्ण वाळू द्या. मशीन तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. तांदळाची पूड कनेक्टरात जाते आणि मग टोके (किडे) येतात ते वेगळेच.

याच टप्प्यावर माझ्या पाहण्यातल्या सात मशीनांपैकी तीन सुरू झाली.

६. चार कोपरे मोजा

खालच्या रॅमच्या आठ चिपा ४११६ जातीच्या असतात, नकाशात आयसी ६ ते १३. या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, आणि सोय अशी की तिन्ही आणि ग्राउंड चिपच्या चार कोपऱ्यांवरच आहेत. खाच वर धरली तर:

- वर डावीकडे (पाय १): उणे ५
- वर उजवीकडे (पाय १६): ग्राउंड
- खाली डावीकडे (पाय ८): अधिक १२
- खाली उजवीकडे (पाय ९): अधिक ५

आधी वीज बंद ठेवून पाय १६ पासून बाकी तीन कोपऱ्यांचा रोध मोजा. दोन-चार ओहम आले तर कुठेतरी शॉर्ट आहे, वीज देऊ नका. शॉर्ट नसेल तर काळी सुई मॉड्युलेटरच्या (चित्राचा टीव्ही सिग्नल बनवणाऱ्या भागाच्या) पत्र्याच्या डबीला लावा, लाल सुई एकेका कोपऱ्याला. सुई घसरून शेजारच्या पायाला लागली तर चांगली चिप मरते. मी सुईच्या टोकाला वायरचं प्लास्टिक चढवून नुसता मिलिमीटरभर धातू उघडा ठेवतो.

५ व्होल्ट नाहीत: अडॅप्टर, जॅक, ७८०५ याच क्रमाने. ७८०५ चा पत्रा बोट टेकवत नाही इतका तापतो, ते नेहमीचं आहे.

१२ किंवा उणे ५ नाहीत: ताबडतोब बंद करा. बारा आहेत आणि उणे पाच नाहीत ही अवस्था ४११६ ला काही वेळात मारते. दोन्ही व्होल्टेज एका छोट्या गुंडाळीभोवतीच्या सर्किटमधून निघतात. त्याचा कारभार टीआर४ (झेडटीएक्स६५०) आणि टीआर५ (झेडटीएक्स२१३) हे दोन ट्रान्झिस्टर बघतात. बहुतेक वेळा टीआर४ गेलेला असतो. दोन्ही बदला, गुंडाळीच्या वायरी तुटल्या आहेत का ते वीज बंद ठेवून मीटरच्या बीपने तपासा. हे ट्रान्झिस्टर कुडाळ-सावंतवाडीत शोधत फिरू नका, मुंबईहून मागवा, आणि चार जास्त घ्या.

चार जास्त का? नवा टीआर४ घातला, चालू केलं, आणि तोही भाजला असं होऊ शकतं. मग दोष त्याचा नाही, पुढे कुठेतरी एखादी ४११६ किंवा कॅपॅसिटर बारा व्होल्ट गिळतो आहे. आधीच रोध मोजला असता तर कळलं असतं. आणि हो, वीज चालू असताना मागच्या कनेक्टरला काहीही जोडू-काढू नका. टीआर४ मारायचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

७. मग, आणि मगच, रॅम

चारही कोपरे बरोबर आहेत आणि तरी चौकोन दिसताहेत? वीज देऊन मिनिटभराने आठही चिपांना बोट लावा. एक शेजारणींपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ती संशयित. उभी रेघ असेल तर पायरी २ मधला बिट शोधा आणि नकाशात तो कुठल्या चिपकडे जातो ते बघा. चांगली ४११६ संशयितावर पाय जुळवून दाबून धरून चालू केली तर कधी कधी चित्र सुधारतं आणि दोषी सापडतो. पण आतून शॉर्ट झालेल्या चिपला हा उपाय लागू नाही.

काढताना चिप वाचवायच्या मागे लागू नका, बोर्ड वाचवा. मेलेल्या चिपचे पाय कटरने कापा, धड बाजूला करा, मग एकेक पाय आयर्नने तापवून चिमट्याने उचला. अख्खी चिप ओढून काढण्यातच माझे दोन ट्रॅक गेले. जागी आयसी बेस बसवा.

८. फक्त रंग नाहीत

बारा व्होल्ट बघून झाले असतील तर एलएम१८८९ आणि ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. सुरुवातीच्या बोर्डांवर रंगांसाठी बारीक फिरकीचे ट्रिमर आहेत. फिरवण्याआधी त्यांच्या जागेवर मार्करने खूण करा, एक अष्टमांश फेरीपेक्षा जास्त नको.

आडवे पडलेले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर बदलायचे असतील तर एकाच दिवशी सगळे काढू नका. एक काढा, एक लावा. दिशेसाठी आपल्याच फोटोवर विश्वास ठेवा.

९. थेट व्हिडिओ

चॅनेल ३६ चा घोळच नको असेल तर मॉड्युलेटर वगळून टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला थेट चित्र देता येतं. मॉड्युलेटरच्या डबीत बोर्डाकडून दोन वायरी जातात. मीटरने मोजा: जिथे स्थिर ५ व्होल्ट ती वीज, दुसरी व्हिडिओ. डबीचं झाकण उघडून सॉकेटच्या मधल्या पिनेला आतून जोडलेला रेझिस्टर सोडवा, वीज वायर सोडवून तिचं टोक टेपने झाका, आणि व्हिडिओ वायर १०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून मधल्या पिनेला जोडा. कॅपॅसिटरचं धन टोक बोर्डाकडे. पाच व्होल्टचं उघडं टोक डबीच्या पत्र्याला लागलं तर पुन्हा पायरी ६. काही जुन्या बोर्डांवर असं घेतलेलं चित्र काळपट येतं, टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून भागतं.

१०. खरंच बरं झालं का?

कॉपीराइट दिसला म्हणजे संपलं नाही. कीबोर्ड जोडा. बी ही एकच कळ दाबली की अख्खा बॉर्डर शब्द उमटतो. पुढे आकडा आणि एंटर. १ निळा, २ लाल, ३ जांभळट, ४ हिरवा, ५ आकाशी, ६ पिवळा, ७ पांढरा, ० काळा. आठही स्वच्छ यायला हवेत.

मग प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. प्रिंट म्हणजे पी. पीकसाठी दोन्ही शिफ्ट एकदम दाबून सोडा आणि मग ओ. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८के आहे. ३२७६७ आलं आणि तुमचं मशीन १६के नसेल, तर वरची रॅम मेली आहे. मशीनने सुरुवातीच्या तपासणीतच ती ओळखून बाजूला टाकली, म्हणून चित्र ठीक दिसतंय. खेळ मात्र लोड होणार नाहीत.

तासभर चालू ठेवा आणि तोवर दुसरं काम करा.

११. जून ते सप्टेंबर

आमच्याकडे कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून लाकडी कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावून ठेवतात. स्पेक्ट्रम तिथेच, वरच्या फळीवर, बल्बपासून हातभर लांब. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलात तर आत अडकलेली ओल आतच राहते. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आणि चालू करण्याआधी मागच्या फटीत टॉर्च मारून बघा, पाल परत आलेली असते.